सन अल्ट्रा १० आणि क्रिएटर थ्रीडी: फ्रेमबफर जुळवणीच्या नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

विभागाच्या माळ्यावरचं सन अल्ट्रा १०, सन मायक्रोसिस्टिम्सचं जुनं वर्कस्टेशन, आज खाली उतरवलं. एके काळी याच्यावर कॅडची प्रात्यक्षिकं चालायची. आता जुन्या संगणकांचा एक कोपरा मांडायचा ठरलाय. तिथे हे यंत्र नुसतं काचेमागे न ठेवता चालू ठेवायचं, असा मी हट्ट धरला आणि तो मान्य झाला. गणपतीच्या सुट्टीआधी काम पुरं व्हायला हवं. पडद्यावर १२८०×१०२४, पूर्ण २४ बिट रंग आणि रेखीव अक्षरं, तिन्ही पाहिजेत. यातल्या एकावरही तडजोड करायची नाही.

झाकण काढलं. धूळ भरपूर, पण गंज कुठे नाही. हे मॉडेल जानेवारी १९९८चं, अल्ट्रा ५चं भावंड. दोघांचा मदरबोर्ड एकच. फरक असा की अल्ट्रा ५च्या चपट्या पेटीत यूपीए (सनचा स्वतःचा वेगवान जोडमार्ग) ग्राफिक्स कार्डाला जागा नाही आणि अल्ट्रा १०च्या उभ्या पेटीत ती आहे. आमच्या यंत्रात ती जागा भरलेली निघाली. आत क्रिएटर थ्रीडी बसलंय! म्हणजे आता दोन फ्रेमबफर (पडद्याचं चित्र साठवून मॉनिटरकडे पाठवणारे भाग) हाताशी आहेत: मदरबोर्डवरची एटीआय रेज प्रो चिप, जिला सन पीजीएक्स२४ म्हणायची, आणि हे कार्ड. मदरबोर्डच्या चिपला साधा व्हीजीए सॉकेट आहे. कार्डाला १३डब्ल्यू३, म्हणजे तीन जाड कोअ‍ॅक्स पिना लाल, हिरव्या, निळ्यासाठी आणि दहा बारीक पिना बाकीच्या कामांसाठी.

कार्ड काढून त्याच्या कनेक्टरचे संपर्क आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसले आणि परत बसवलं. उद्या आषाढी. पुढचं काम बुधवारी.

९ जुलै, बुधवार

१३डब्ल्यू३ला लावायला अजून काही नाही, म्हणून पडद्याशिवाय सुरुवात केली. कीबोर्ड काढून ठेवला की हे यंत्र आपोआप सीरियल पोर्टवर बोलायला लागतं: पोर्ट ए, ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही. लॅपटॉप जोडून पॉवर दिली. ओपनबूटचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, बॅनर आला, पण आयडीप्रॉममधला (यंत्राच्या ओळखीचा) मजकूर अवैध असल्याची तक्रार घेऊन. नेटवर्क पत्ता सगळा एफएफ. एनव्हीरॅमची, म्हणजे ही ओळख आणि सेटिंग्ज जपणाऱ्या चिपची, बॅटरी संपलीय. इतक्या वर्षांनी ती संपायचीच. तिच्याकडे नंतर.

ओके प्रॉम्प्टवर 'शो-डिस्प्लेज' दिलं. यंत्रातल्या उपकरणांच्या झाडात दोन्ही फ्रेमबफर दिसले. एक पीसीआयच्या फांदीवर, एम६४बी या नावाने. दुसरा थेट झाडाच्या मुळाशी, एफएफबी या नावाने, पत्ता १ई. एफएफबी म्हणजे फास्ट फ्रेम बफर, क्रिएटर कुटुंबाचं सनमधलं नाव. कार्ड जिवंत आहे, निदान स्वतःची ओळख तरी सांगतंय.

दोन्हींत कोणता वापरायचा, याचं उत्तर कागदावरच मिळतं. संध्याकाळी विद्यार्थ्यांसोबत हे गणित फळ्यावर मांडलं. २४ बिट रंग असला तरी प्रत्येक बिंदू स्मृतीत ४ बाइटची जागा घेतो. पीजीएक्स२४कडे ४ मेगाबाइट, म्हणजे ४१,९४,३०४ बाइट. ११५२×९०० बिंदू गुणिले ४ म्हणजे ४१,४७,२०० बाइट. बसतं, पण काठोकाठ. १२८०×१०२४ गुणिले ४ म्हणजे ५२,४२,८८०. बसत नाही. मदरबोर्डवरच्या चिपने आपल्या तीन अटींपैकी दोनच पुऱ्या होतील.

आता क्रिएटरकडे बघा. ५२,४२,८८० बाइट म्हणजे नेमके ५ मेगाबाइट, ना एक बाइट कमी ना जास्त. साध्या क्रिएटरमध्ये स्मृती ५ मेगाबाइटच असते. क्रिएटर थ्रीडीमध्ये १५, म्हणजे तीन पट: दिसणारं चित्र, मागे तयार होणारं चित्र आणि प्रत्येक बिंदूची खोली. प्रत्येक बिंदूमागे ९६ बिट. कार्डाचा आकडा बाजारातल्या चिपांच्या मापावरून आलेला नाही, पडद्याच्या मापावरून आलाय. हे फळ्यावर जुळलं तेव्हा मागच्या बाकावरून "मॅडम, हे मुद्दामच केलंय ना?" असा प्रश्न आला. हो, मुद्दामच.

१२ जुलै, शनिवार

१३डब्ल्यू३ ते व्हीजीए अ‍ॅडॉप्टर आला. लावण्याआधी मल्टिमीटरने पिना तपासल्या. १३डब्ल्यू३ हा आकार सनने वापरला, सिलिकॉन ग्राफिक्सने वापरला, आयबीएमनेही वापरला, पण बारीक पिनांची जुळणी प्रत्येकाची वेगळी. तीन रंग सगळीकडे सारखेच असल्याने चुकीचा अ‍ॅडॉप्टरही दिसायला अगदी बरोबर वाटतो. सनमध्ये कॉम्पोझिट सिंक (रेघ आणि पडदा कुठे सुरू होतो हे सांगणारा एकत्रित संकेत) पाचव्या पिनेवर असतं आणि ते व्हीजीएच्या तेराव्या पिनेवर जायला हवं. बीप वाजला. अ‍ॅडॉप्टर सनचाच आहे.

कीबोर्ड लावला, विभागातला पहिला एलसीडी जोडला: 'नो सिग्नल'. त्याच पेटीला दुसरा एलसीडी जोडला: लगेच चित्र. कारण साधं आहे. या अ‍ॅडॉप्टरमधून आडवं आणि उभं सिंक एकाच तारेवर एकत्र येतं. काही मॉनिटर ते वेगळं करून घेतात, काहींना दोन स्वतंत्र तारा लागतात. मॉनिटरच्या माहितीपत्रकात 'कॉम्पोझिट सिंक' हा शब्द असेल तरच तो या कामाचा. बाजारातून जुना एलसीडी आणणाऱ्यांनी एवढं जरूर बघावं, मग इंच बघावेत.

चित्र आलं ते पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं, सनचा जुना ठसठशीत फाँट. एक अक्षर १२ बिंदू रुंद आणि २२ उंच, ८० स्तंभ, ३४ ओळी. म्हणजे मजकुराचा चौकोन ९६०×७४८ बिंदूंचा, पडद्याच्या मधोमध. पण कडा धूसर. मॉनिटरच्या मेनूत पाहिलं तर ११५२×९००, ६६ हर्ट्झ. पॅनल मुळात १२८०×१०२४चा. ११५२ बिंदू १२८०मध्ये ताणले की नवा बिंदू जुन्या दोघांच्या मध्ये पडतो आणि रेघ राखाडी होते.

मग ११५२×९००च का? १३डब्ल्यू३मधल्या तीन बारीक पिना सेन्स लाइन आहेत. सनचा मॉनिटर त्यांतल्या काही पिना जमिनीला जोडून स्वतःची जात सांगायचा. आमच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तिन्ही मोकळ्या आहेत. तिन्ही मोकळ्या म्हणजे सेन्स कोड ७, म्हणजे कार्डाच्या समजुतीप्रमाणे मॉनिटर जोडलेलाच नाही. अशा वेळी ते ११५२×९००, ६६ हर्ट्झ धरून चालतं. उंबऱ्यावर कोण आलंय हे न सांगणाऱ्या पाहुण्याला घरच्या अंदाजाने जे मिळेल ते मिळतं, तसंच हे.

या कामाचा सगळा पेच मला आज नीट दिसला. पडदा किती रुंद, किती उंच, किती वेगाने रंगवायचा, हे यंत्रात एका जागी ठरत नाही. केबलमधल्या सेन्स पिना एक सांगतात, एनव्हीरॅममधली नोंद दुसरं सांगते, सोलारिस या सनच्या ऑपरेटिंग सिस्टिममधली एक्स सर्व्हरची (खिडक्या रंगवणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल तिसरं. तिघींना एकमेकींचा पत्ता नाही. तिन्ही जागी एकच उत्तर लिहिलं गेलं तरच पेटी चालू केल्यापासून लॉगिनपर्यंत चित्र एकसारखं राहणार.

१९ जुलै, शनिवार

आज एनव्हीरॅम. ओपनबूटमध्ये लिहिलेली प्रत्येक गोष्ट या एका चिपमध्ये राहते: एम४८टी५९, घड्याळ आणि स्मृती एकत्र, वर काळ्या टोपीत बॅटरी. आमच्याकडे पावसात वीज जाणं नेहमीचं. बॅटरी मेलेली असेल तर वीज गेली की रिझोल्यूशन पुसलं जाणार. म्हणून पुढची पायरी चढण्याआधी हे उरकायचं.

टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त करणारे काका आमच्या विभागाचे जुने स्नेही. चिप सॉकेटमधून उपटून त्यांच्याकडे नेली.

"काका, नवीन चिप मागवू का?"

"नवीन म्हणून येईल ती पण वर्षानुवर्षं कपाटात पडलेलीच असेल गं. तिचाही सेल संपलेला. हीच उघडू."

त्यांनी टोपीची एक बाजू बारीक कानशीने घासली, आतल्या सेलच्या दोन पट्ट्या उघड्या केल्या. सेल तोडला, कारण जुना सेल जोडलेला राहिला तर तो नव्याचा करंट खात बसतो. दोन बारीक तारा डागून बाहेर सीआर२०३२चा होल्डर चिकटवला. तीन व्होल्ट नीट. त्यांच्या दुकानातलं भिंग आणि त्यांचा स्थिर हात नसता तर ही चिप गेली असती.

संध्याकाळी आयडीप्रॉम पुन्हा भरला. ओके प्रॉम्प्टवर 'एमकेपी' हा शब्द एकेक बाइट लिहितो. पहिला १, मग यंत्राचा प्रकार, मग सहा बाइटचा इथरनेट पत्ता (सनचा, म्हणून ०८:००:२०ने सुरू होणारा, बाकीचा मागच्या चिकटपट्टीवरून), मग तारीख आणि होस्टआयडी. शेवटच्या बाइटमध्ये आधीच्या पंधरांचा एक्सऑर, म्हणजे पडताळणीचा आकडा. तो जुळला की तक्रार बंद. जुळला.

२६ जुलै, शनिवार

आता पहिली जागा: एनव्हीरॅम.

'स्क्रीन' हे टोपणनाव कोणत्या फ्रेमबफरचं, हे पेटीच्या मर्जीवर सोडायचं नाही. 'एनव्हीएलियस'ने ते एफएफबीच्या पत्त्याला कायमचं बांधलं. 'यूज-एनव्हीरॅमआरसी' ट्रू आहे हे तपासलं. तो फॉल्स असेल तर लिहिलेलं राहतं, पण वाचलं जात नाही. मग 'सेटएन्व्ह' वापरून आउटपुट-डिव्हाइसला किंमत दिली: स्क्रीन, विसर्गासारखा कोलन, मग आर, आणि त्याला जोडून १२८०×१०२४×६०. (खऱ्या आज्ञेत गुणाकाराच्या खुणेऐवजी इंग्रजी एक्स.) कोलनपुढचा भाग सेन्स पिनांना गप्प करतो. केबल काहीही म्हणो, प्रॉम (ओपनबूट जिच्यात राहतं ती चिप) हेच ऐकणार.

६०च का, ७६ का नाही? सनच्या लोकांचं लाडकं रिझोल्यूशन १२८०×१०२४, ७६ हर्ट्झ. काचेच्या नळीच्या मॉनिटरवर ६० हर्ट्झला चित्र लुकलुकायचं, डोळे दुखायचे, म्हणून ७६. त्याला आडव्या रेघांचा वेग ८१.१ किलोहर्ट्झ लागतो. आमच्या एलसीडीच्या मागे ७५ हर्ट्झपर्यंतच लिहिलंय. एका हर्ट्झने बाहेर! एलसीडीला लुकलुकण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे ६० पुरे. रेघांचा वेग सुमारे ६४ किलोहर्ट्झ, आणि पॅनलचं मूळ मापही तेच.

'रीसेट-ऑल'. पडदा काळा, एक क्षण काहीच नाही, मग पांढरा, आणि अक्षरं कोरून काढल्यासारखी. मॉनिटरवर 'ऑटो' दाबून फेज जुळवून घेतली. अ‍ॅनालॉग सिग्नल असल्याने एवढं एकदा करावंच लागतं. त्यासाठी पडद्यावर एक बिंदू काळा, एक पांढरा असं दाट जाळं काढावं. त्यात उभे पट्टे दिसले तर क्लॉक चुकलं, सगळं जाळं थरथरलं तर फेज.

पॉवर केबल काढून रात्रभर पेटी तशीच ठेवली.

२७ जुलै, रविवार

सकाळी चालू केली. १२८०×१०२४. काकांना फोन करून सांगितलं.

२ ऑगस्ट, शनिवार

दुसरी जागा: सोलारिस ९.

बूट होताना कन्सोल छान दिसतो, कारण कर्नल प्रॉमचंच चित्र पुढे चालवतो. एक्स सुरू झाल्यावर मात्र त्याची स्वतःची फाइल बोलते, ओडब्ल्यूकॉन्फिग. त्यात कुणीतरी फार पूर्वी १२८०×१०२४×७६ लिहून ठेवलं होतं, त्या काळच्या मॉनिटरसाठी. त्यामुळे लॉगिनच्या पडद्याऐवजी 'आउट ऑफ रेंज'. कार्ड बिघडलं असं वाटायला लावणारी हीच जागा. कार्डाला काहीही झालेलं नसतं.

ही फाइल हाताने बदलायची नाही, तिच्यासाठी 'एफएफबीकॉन्फिग' आहे. शेजारच्या लॅपटॉपवरून रिमोट लॉगिन केलं. एक्स चालू असताना त्याच्या पायाखालचं रिझोल्यूशन बदलणं धोक्याचं, म्हणून आधी लॉगिन सर्व्हर थांबवला. मग 'पीआरकॉन्फ' पर्यायाने कार्डाची माहिती काढली: दुहेरी बफर, झेड-बफरसह (बिंदूची खोली साठवणारा), उभ्या बांधणीचं, थ्रीडीरॅम मित्सुबिशीची. म्हणजे पूर्ण १५ मेगाबाइटचं कार्ड, माळ्यावर पडून राहिलेलं.

थ्रीडीरॅमवर एक परिच्छेद खर्च करणारच, कारण या कार्डाची खरी किंमत तिथेच आहे. त्रिमितीत चित्र काढताना प्रत्येक बिंदूला विचारावं लागतं: आधीचा बिंदू जवळचा की नवा? साध्या स्मृतीत त्यासाठी जुनी खोली वाचायची, तुलना करायची, मग लिहायचं. प्रत्येक बिंदूला ये-जा. सन आणि मित्सुबिशी यांनी मिळून ही तुलना करणारं गणितयंत्र स्मृतीच्या चिपमध्येच घातलं. कार्ड फक्त नवा बिंदू धाडतं, ठेवायचा की टाकायचा हे चिप स्वतः ठरवते. वाचण्याचा फेरा जवळजवळ संपतो. सनच्या मायकेल डीरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४च्या सिग्राफमध्ये यावर निबंध वाचला होता. स्मृती आणि गणित एकाच ठिकाणी आणण्याची चर्चा आज पुन्हा जोरात आहे. ती ऐकताना या कार्डाची आठवण ठेवावी.

'-रेस'ला प्रश्नचिन्ह दिलं की चालणारी सगळी रिझोल्यूशन समोर येतात. त्यात पाल टीव्हीचं ७६८×५७५ आणि अमेरिकी टीव्हीचं ६४०×४८०सुद्धा, दोन्ही इंटरलेस्ड. १२८०×१०२४×६० निवडून आधी 'ट्राय' दिलं. ते दाखवून विचारतं, होकार आला नाही तर जुनं परत आणतं. दूर बसून काम करणाऱ्याला यासारखी सोय नाही. होकार दिला. 'प्रॉप्ट'ने फाइलमधली नोंद वाचून पाहिली आणि लॉगिन सर्व्हर सुरू केला. आता प्रॉमपासून डेस्कटॉपपर्यंत मॉनिटर एकदाही दचकत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा, राखी बांधून दुपारी विभागात.

रंगांचं काम. डेस्कटॉपवरचा फोटो पायऱ्यापायऱ्यांचा दिसत होता, म्हणजे एक्सची मूळ रंगखोली (बिंदूमागे रंगाचे बिट) अजून ८ बिट. 'एक्ससर्व्हर्स' ही फाइल मूळ जागेवरून ईटीसीच्या डीटी कॉन्फिगमध्ये नक्कल केली (मूळ फाइलला हात लावायचा नाही, पॅचेस ती बदलतात). एक्ससनच्या ओळीत एफएफबीचं डिव्हाइस स्पष्ट लिहिलं आणि पुढे 'डेफडेप्थ २४' जोडलं. फोटो गुळगुळीत झाला.

आणि तरीही ८ बिटवाला जुना कॅड प्रोग्रॅम त्याच पडद्यावर, शेजारच्या खिडकीत, स्वतःच्या रंगांत चालतोय! पीजीएक्स२४वर असं करता येत नाही, तिथे सगळा पडदा ८ बिट किंवा सगळा २४. क्रिएटरमध्ये प्रत्येक बिंदूसोबत एक खिडकी-क्रमांक साठवलेला असतो. पडद्याकडे बिंदू पाठवताना कार्ड तो क्रमांक बघतं: या खिडकीचे आकडे रंगतक्त्यातून वाचायचे की थेट रंग म्हणून? आजचा संगणक हेच काम सॉफ्टवेअरने करतो. इथे ते तारांमध्ये केलंय, प्रत्येक बिंदूला, सेकंदाला साठ वेळा.

गॅमा मूळचाच, २.२२, राहू दिला. एलसीडीवर राखाडी पट्टी समान पायऱ्यांनी उतरताना दिसते.

१६ ऑगस्ट, शनिवार

मदरबोर्डवरचा व्हीजीए सॉकेट रिकामा का ठेवायचा? आडवं-उभं सिंक तिथे वेगवेगळं येतं, म्हणजे 'नो सिग्नल' म्हणणारा तो पहिला एलसीडी इथे चालायला हवा. चालला. 'एम६४कॉन्फिग'ने खोली २४ आणि रिझोल्यूशन ११५२×९०० दिलं. फळ्यावरचा तो काठोकाठचा हिशेब इथे खरा ठरला. 'एक्ससर्व्हर्स'च्या ओळीत दुसरं डिव्हाइस जोडून पुढे 'राइट' लिहिलं. माउसचा बाण उजव्या काठावरून दुसऱ्या पडद्यावर सरकतो.

दोन्ही पडद्यांवर विद्यार्थ्यांनी लिहिलेला गिअरचा प्रोग्रॅम लावला, ओपनजीएल या त्रिमिती चित्रांच्या लायब्ररीतला. डावीकडे गिअर सलग फिरतो, उजवीकडे अडखळतो. एक कारण रस्त्याचं: रेज प्रो पीसीआयवर आहे, ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, कागदोपत्री कमाल सेकंदाला १३२ मेगाबाइट. प्रोसेसरने ४१ लाख बाइटचं पूर्ण चित्र तयार करून त्या रस्त्याने पाठवायचं म्हटलं तरी सेकंदाला तिसाच्या आसपास जातील, आणि तेही रस्त्यावर दुसरं काहीच नसेल तर. क्रिएटर यूपीएवर आहे, आणि त्याच्याकडे चित्र जात नाही, त्रिकोण जातात. चित्र तिथेच तयार होतं.

गिअरवर फोटोचं आवरण चढवल्यावर मात्र डावीकडेही गती मंदावली. आवरण गुंडाळण्याचं हार्डवेअर क्रिएटरमध्ये नाही, ते काम सनचं ओपनजीएल प्रोसेसरच्या व्हिस (चित्रांच्या गणितासाठीच्या खास) सूचनांवर टाकतं. विद्यार्थ्यांना हा फरक मुद्दाम दाखवायचा, लपवायचा नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे नेमकं कोणतं काम कुणी करायचं याची वाटणी, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

एकाने विचारलं, ही कंपनी कुणाची? १९८२ साली चौघांनी सुरू केली, २०१०मध्ये ओरॅकलने घेतली. चौघांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्यातला. हे सांगितल्यावर वर्गात कुजबुज झाली.

२३ ऑगस्ट, शनिवार

कोपऱ्यात मांडणी. यूपीएस जोडला. तरीही मुद्दाम मेन स्विच बंद करून बॅटरी उतरू दिली आणि पुन्हा चालू केलं. डिस्कची तपासणी झाली, दोन्ही पडदे आपापल्या मापात परत आले.

झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: आउटपुट-डिव्हाइसची ओळ, एफएफबीकॉन्फिगची ओळ, एम६४कॉन्फिगची ओळ, एक्ससर्व्हर्सची ओळ, आणि बाजूला 'मॉनिटर बदलला तर चारही बघा'. सीआर२०३२ बसवल्याची तारीखही.

राहिलेलं एकच. कार्डाच्या मागे स्टिरिओ चष्म्याचा गोल सॉकेट आहे आणि यादीत ९६०×६८०, ११२ हर्ट्झ स्टिरिओ आहे, डाव्या-उजव्या डोळ्याला आळीपाळीने, प्रत्येकी ५६. आमचे एलसीडी एवढ्या वेगाला पोचत नाहीत, त्याला नळीचा मॉनिटरच हवा. काकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक २१ इंची ट्रिनिट्रॉन आहे. सुट्टीनंतर टेम्पो ठरवायचा आणि उचलायला चौघं लागतील.